झाकण लावलं की मोटर का गुदमरते?

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून दोन वर्षांपूर्वी चोवीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. ती गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या पक्क्या बोयाला बांधलेली, असते. कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या उघड्या जागेच्या, मागे एक कप्पा आहे. त्यात सहा घोड्यांची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर उभी बसते आणि तिचा पाय तळातल्या भोकातून पाण्यात जातो. कप्प्याचं झाकण उघडं असलं की मोटर तासन्‌तास चालते. आवाज फार होतो म्हणून झाकण लावलं, की पाच-सात मिनिटांत ती धापा टाकते, रेस उतरते आणि बंद पडते. मग मी डोकं आत घालून दोरी ओढत बसतो. मेकॅनिकने दोनदा कार्ब्युरेटर साफ केला, फिल्टर बदलला, प्लग बदलला. प्लग दर वेळी काळाच निघतो. आता झाकणाला आतून फोम लावावा आणि मोटरला हवा मिळावी म्हणून कप्प्यात पंखा बसवावा, असा विचार आहे. कोणता पंखा घ्यावा? जाता जाता : मांडव्याहून मोटरवर परतताना बायकोचं डोकं दुखतं, आणि नऊ वर्षांची मुलगी केबिनमध्ये झोपते तिला दोनदा उलटी झाली. शिडावर जाताना लाटा कितीही असल्या तरी तिला काही होत नाही. बायको बोटीवर आधीच नाखूश आहे, म्हणून घरी हा विषय वाढवत नाही. बोट पावसाळ्यासाठी वर काढली आहे, दिवाळीच्या सुमारास पाण्यात उतरवू. (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर :

पंख्याचं नंतर बोलू. आधी तुम्ही जे ‘जाता जाता’ लिहिलंत, त्यावर बोलायला हवं.

मुलीला शिडावर काही होत नाही. खळबळलेल्या पाण्यातही नाही. तिला उलटी होते ती परतीच्या वाटेवर, वारा पडल्यावर, मोटर चालू असताना, केबिनमध्ये झोपलेली असताना. बोट लागणारं मूल याच्या बरोबर उलट वागतं : लाटांत हैराण होतं आणि सपाट पाण्यात सावरतं. त्यात त्याच वेळी वहिनींचं डोकं दुखतं. हे वाचून मला मुलीला बोट लागते असं वाटत नाही. मोटरचा जळका वायू कप्प्यातून केबिनमध्ये येतोय आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड त्या दोघींच्या रक्तात जातोय, अशी मला दाट शंका आहे. मोजल्याशिवाय खात्री देता येणार नाही. पण मोजून होईपर्यंत हेच खरं धरून वागा. झाकण उघडं असो की बंद, मोटर चालू असताना केबिनमध्ये कुणीही झोपायचं नाही.

मोटर बंद पडते ती याच कारणाने. म्हणून तिचं दुखणं नीट समजून घेऊ.

मोटरचा जळका वायू कुठून बाहेर पडतो हे मूरिंगवर असताना कधी पाहिलंय का? बहुतेक आउटबोर्डमध्ये तो पायातून खाली उतरतो आणि पंख्याच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, मधल्या नळीतून पाण्याखाली सुटतो. बोट वेगात असेल तर तो मागच्या मागे वाहून जातो. पण आयडलिंगला, म्हणजे मोटर नुसती मंद फिरत असताना, वायूचा जोर इतका कमी असतो की तो पाण्याला ढकलून खाली निघू शकत नाही. त्यासाठी कंपनी पायाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या वर, एक छोटं भोक ठेवते. न्यूट्रलला मोटर फटफटत असते तेव्हा धूर आणि पाण्याचे थेंब उडताना दिसतात ते तिथूनच. बोटीच्या मागे उघड्यावर टांगलेल्या मोटरला याचा काही त्रास नाही. तुमच्या बोटीत ते भोक कप्प्याच्या आत उघडतं. रिव्हर्स टाकला की आणखी वाईट. प्रॉपेलर पाणी पुढे फेकतो आणि नळीतून सुटलेले बुडबुडे तळाच्या भोकातून थेट कप्प्यात वर येतात. म्हणजे गेटवेला आल्यावर मूरिंग पकडण्यासाठी तुम्ही जे करता, हळू जाणं, थांबणं, मागे घेणं, त्यातच सगळ्यात जास्त वायू आत साठतो.

आता हिशेब करू. सहा घोड्यांची फोर-स्ट्रोक मोटर साधारण १३० सीसीची असते. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढली जाते, म्हणजे फेरीला ६५ सीसी. मिनिटाला ४,००० फेऱ्या धरल्या तर कागदावर २६० लिटर होतात. थ्रॉटल पूर्ण उघडा नसतो म्हणून २०० धरा. तुमचा कप्पा तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल असेल, तर त्यात सव्वाचारशे लिटर हवा मावते आणि मोटरची जागा वजा केली तर साडेतीनशे. मोटर ही सगळी हवा दोन मिनिटांच्या आत पिऊन टाकते. तुमची पाच-सात मिनिटं टिकते, कारण फटींतून थोडी ताजी हवा येत राहते. फोम लावून त्या फटी बुजवल्यात की तेवढंही मिळणार नाही.

आणि ती पिते ती हवा कसली? स्वतःच मघाशी सोडलेला वायू मिसळलेली. कार्ब्युरेटर हवेचा ओघ पाहून पेट्रोल सोडतो. त्या हवेत ऑक्सिजन किती हे त्याला कळत नाही. पेट्रोल तेवढंच, ऑक्सिजन कमी, त्यामुळे पेट्रोल अर्धवट जळतं आणि प्लगवर काजळी धरते. तुमचा काळा प्लग हेच सांगत होता. पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो, तो पुन्हा कप्प्यात येतो, पुढचा घोट आणखी वाईट होतो, आणि शेवटी मोटर गुदमरते.

तुमच्या मेकॅनिकला दोष देऊ नका. त्याने मोटर उघड्यावर काढून तपासली असणार, आणि उघड्यावर ती ठणठणीतच आहे. पेट्रोलमध्ये काही बिघाड असता, तर तो झाकण उघडं की बंद हे पाहून आला नसता. हे सांगतो कारण सध्या मोटर बंद पडली की सगळे इथेनॉलकडे बोट दाखवतात. ती तक्रार खोटी नाही. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि अनेक आउटबोर्ड कंपन्या दहा टक्क्यांच्या वर नको म्हणतात. आपल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं. चार महिने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तसंच ठेवलं असेल तर दिवाळीआधी काढून टाका. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

आता केबिनकडे येऊ. तुमच्यासारख्या बोटीत कप्पा आणि केबिन यांच्यामध्ये बहुतेक वेळा प्लायवूडची एक आडवी भिंत असते. तिच्यातून थ्रॉटलची केबल, बॅटरीच्या वायरी, कधी तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची नळी जाते, आणि प्रत्येक भोक वायरपेक्षा मोठं पाडलेलं असतं. कॉकपिटच्या बाकाखाली सरकणारा लांबट बिछाना असेल, तर त्याचं उशाचं किंवा पायथ्याचं टोक नेमकं या भिंतीला टेकतं. मुलगी तिथेच झोपते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तिथेच असावी, लहान मुलांना ती जागा गुहेसारखी आवडते.

भिंत पक्की असली तरी वायूला दुसरी वाट आहे. बोट पुढे जाते तेव्हा केबिनच्या उंचवट्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा पुढे ओढली जाते, जशी बसच्या मागच्या काचेतून धूळ आत येते तशी. कप्प्यातून कॉकपिटमध्ये आलेला वायू दारातून खाली केबिनमध्ये उतरतो. पुढचं हॅच, म्हणजे केबिनच्या छतातली खिडकी, उघडं ठेवलं तर समोरचा वारा केबिनमधून मागे वाहतो आणि बराच वायू बाहेर राहतो. वारा मागून असेल तेव्हा मात्र हाच मार्ग उलटा चालतो, म्हणून केवळ हॅचवर विसंबू नका.

किती वायू लागतो? तुमच्या केबिनमध्ये आठ घनमीटर, म्हणजे ८,००० लिटर हवा धरू. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातला विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात शंभराला काही भाग कार्बन मोनॉक्साइड असतो. चार धरले तर मिनिटाला आठ लिटर होतात. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १,६०० भाग झाले की वीस मिनिटांत डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि तास-दोन तासांत माणूस जातो. तुमच्या केबिनमध्ये १,६०० भाग म्हणजे जेमतेम तेरा लिटर. मोटरचा सगळा धूर आत आला तर त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. दहावा हिस्सा आला तर पंधरा-सोळा मिनिटं. ४०० भागांना तास-दोन तासांत कपाळ ठणकायला लागतं, आणि मांडवा ते गेटवे मोटरवर यायला तुम्हाला दोन-अडीच तास लागत असतील. वहिनींची डोकेदुखी या हिशेबात कुठे बसते ते तुमचं तुम्हीच पाहा. लहान मूल वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतं, म्हणून त्याला आधी त्रास होतो.

या वायूला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धुराला वास असतो, पण नाकाला त्याची लवकर सवय होते, आणि चांगल्या फोर-स्ट्रोकचा धूर तसाही फार जाणवत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मुंबईत बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे मारतो तो हाच वायू.

मी स्वतः एकदा यातून गेलो आहे. नव्वदच्या दशकात एका गिऱ्हाइकाची शिडाची बोट मुंबईहून दक्षिणेला न्यायची होती. मी आणि एक खलाशी, दोघेच. मोटर तुमच्यासारखीच कप्प्यात. पाऊस लागला म्हणून आम्ही झाकण लावलं आणि केबिनचं दार अर्धं ओढून घेतलं. मी आत आडवा झालो. डोकं जड झालं तेव्हा वाटलं रात्रीचं जागरण आहे, सकाळपासून चहा नाही. थोड्या वेळाने खलाशाने नांगराची दोरी बांधायला हाक मारली. वर आलो, दोरी हातात घेतली आणि गाठ मारता येईना. आयुष्यभर अंधारात मारलेली गाठ. हातात दोरी आहे, पुढे काय करायचं ते आठवत नाही, आणि आठवत नाही याचं काही वाटतही नाही. खलाशाने माझ्याकडे एकदा पाहिलं, मोटर बंद केली आणि मला दंडाला धरून डोलकाठीपाशी आणून बसवलं. तो वर उघड्यावर होता म्हणून त्याचं डोकं शाबूत होतं. आम्ही दोघेही आत असतो तर हे पत्र वाचायला मी नसतो. त्या वायूने आधी माझी समज नेली, मग ताकद. ‘त्रास झाला तर बाहेर येईन’ असं ठरवून केबिनमध्ये बसलेला माणूस वेळेवर बाहेर येत नाही तो यामुळे. झोपलेलं मूल तर मुळीच येत नाही.

म्हणूनच मोटर बंद पडल्यावर डोकं आत घालून दोरी ओढायचं आजपासून बंद करा. मोटर गुदमरते त्या क्षणी कप्प्यातली हवा सगळ्यात विषारी असते, आणि दोरी ओढताना तुम्ही खोल श्वास घेता. झाकण उघडा, बाजूला व्हा, दहा मिनिटं वारा जाऊ द्या. तोवर शीड लावा किंवा नांगर टाका.

दुसरा धोका पेट्रोलचा. पत्रात लिहिलं नाहीत, पण पेट्रोलची टाकी त्याच कप्प्यात असेल असा माझा अंदाज आहे, कारण सगळे तिथेच ठेवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती तळाशी बसते. हवेत तिचं प्रमाण शंभराला दीडच्या आसपास पोचलं की एक ठिणगी पुरते. मोटरच्या उष्णतेने कप्पा तापतो, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल असतो, आणि वाफ साठत राहते. टाकी तिथून हलवा. ती उघड्यावर, सावलीत, पट्ट्याने बांधून ठेवा, किंवा केबिनकडे एकही भोक नसलेल्या आणि बाहेर हवा जाणाऱ्या कप्प्यात. बॅटरी तिथे असेल तर तीही हलवा.

आता पंखा. लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा स्वस्तात मिळतो, लोहार चाळीत एक्झॉस्ट फॅन मिळतो, दारुखान्यात भंगारातल्या जहाजाचा ब्लोअरही मिळेल. यातलं काहीही कप्प्यात लावू नका. यातलं काहीच पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेलं नसतं. ब्रशमधून, वायरीच्या सैल जोडातून किंवा बिघाडाने ठिणगी उडू शकते आणि पेट्रोलच्या वाफेत ती पुरेशी असते. पेट्रोलच्या बोटींसाठी ठिणगी बाहेर न येणारे खास मरीन ब्लोअर बनवतात. त्यांचं काम मात्र मोटर सुरू करण्याआधी चार-पाच मिनिटं चालून साठलेली वाफ बाहेर काढणं हे असतं. कोंडलेल्या मोटरला श्वास पुरवण्यासाठी ते बनवलेले नसतात. तुमच्या बोटीत ब्लोअरने हवा आत ढकललीत तर वायू भिंतीच्या फटींतून केबिनमध्येच जाईल, आणि मोटर मात्र छान चालत राहील. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. आज मोटर बंद पडून तुम्हाला थांबवते आहे. उद्या ती थांबणार नाही.

फोम तर नकोच. तो पेट्रोल पितो, पेटतो, आणि पेटल्यावर विझवायला कप्प्यात हात घालता येत नाही.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत असं आहे, की मोटर चालू असताना त्या कप्प्याला झाकण असूच नये. ते बिजागरीवरून काढा आणि शिडावर असताना लावायला बाजूला ठेवा. यात पैसा लागत नाही. आवाजाचं म्हणाल, तर मोटर ज्या पट्टीवर बसते तिथे जाड रबर घाला, क्लॅम्प घट्ट करा आणि थ्रॉटल पाऊण ठेवा. चोवीस फुटी बोट पाण्यातून जेवढ्या वेगाने जाऊ शकते, तेवढी पाऊण थ्रॉटलवरही जातेच. वरचा पाव भाग बराचसा आवाजच असतो.

झाकण हवंच असेल, तर काम मोठं आहे. मोटरला लागणारी ताजी हवा फार नाही, मिनिटाला दोनशे लिटर तीन इंची नळीतून सहज येतात. प्रश्न तिचं तोंड कुठे उघडतं हा आहे. नळी पुढच्या, उंच, स्वच्छ हवेतून आणून मोटरच्या टोपीत जिथून हवा शिरते त्या भोकाशेजारी सोडायची. गरम वायू वर चढतो, म्हणून कप्प्याच्या मागच्या भिंतीत, बोटीच्या बाहेरच्या अंगाला, जितक्या वर जमेल तितक्या वर रुंद झडपा कापायच्या. काही जण आयडलिंगच्या भोकाला नळी जोडून तो वायूही बाहेर काढतात. ते तुमच्या मॉडेलला चालतं का, हे कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकला विचारल्याशिवाय करू नका. नळी अरुंद झाली किंवा मध्ये झोल पडून पाणी साठलं तर मोटर पुन्हा गुदमरेल. मोटरची टोपी काढून ठेवायचा सल्लाही कुणी देईल, त्याला नाही म्हणा. आत फिरतं चाक उघडं असतं.

तिसरा मार्ग म्हणजे मोटर कप्प्यातून काढून मागे ब्रॅकेटवर टांगायची. धुराचा प्रश्न जवळजवळ मुळापासून सुटतो. पण बंदरात लॉंचच्या लाटा आल्या की मागचं टोक उचलतं आणि प्रॉपेलर हवेत फिरतो. त्यासाठी पंधरा इंची पाय पुरत नाही. वीस, शक्यतो पंचवीस इंची घ्यावा लागतो. विजेची आउटबोर्डही आता मिळते. मूरिंगवरून निघायला आणि परत लागायला ती उत्तम, धूरही नाही. पण वारा पडलेला, ओहोटी समोरून आणि मांडव्याहून पूर्ण वाट मोटरवर यायचं असेल, तर बॅटरीचा हिशेब नीट करून मगच घ्या.

बोट आत्ता यार्डात आहे, ही चांगली गोष्ट. पेट्रोलची टाकी बाहेर काढा, कप्पा दोन दिवस उघडा ठेवा. मग रात्री कप्प्यात मोठा टॉर्च लावून झाकण बंद करा आणि तुम्ही अंधाऱ्या केबिनमध्ये बसा. जिथे जिथे उजेड दिसेल तिथून वायू येतो. केबलच्या भोकांना रबरी ग्रोमेट आणि मरीन सीलंट लावा, प्लायवूडचे सांधे फायबरने भरा. अगरबत्तीच्या धुराने फटी शोधायचा मोह होईल. पेट्रोल राहिलेल्या जागेत ते करू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, बोटींसाठी बनवलेला. घरातला अलार्म दमट खाऱ्या हवेत टिकत नाही. हा वायू हवेत सहज मिसळतो, म्हणून उंचीची फार चिंता नको. झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या पातळीच्या आसपास, दारापासून लांब लावा. त्यावर बाद होण्याचं वर्ष छापलेलं असतं, ते बघून घ्या. शिवाय आकडा दाखवणारा हातातला मीटर आणा. बोट पाण्यात उतरल्यावर पहिल्या दिवशी, घरचे सोबत नसताना, मूरिंगवर बांधूनच मोटर चालवा. दहा मिनिटं आयडलिंग, दहा मिनिटं फॉरवर्ड, थोडा वेळ रिव्हर्स. आधी केबिनचं दार बंद ठेवून, मग उघडून. मीटर आत ठेवा, तुम्ही बाहेर बसा आणि दारातून आकडा वाचा.

मुलं पोहायला उतरतात तेव्हाही मोटर बंद हवी. अमेरिकेतल्या लेक पॉवेल तलावात २००० साली एका हाउसबोटीच्या मागच्या फळीखाली पोहत गेलेली दोन लहान मुलं याच वायूने गेली. जनरेटरचा धूर त्या फळीखाली सोडलेला होता. उघड्या तलावात, उघड्या हवेत घडलेली गोष्ट आहे ही. मांडव्याला नांगर टाकून मोटर बॅटरीसाठी चालू ठेवायची आणि मुलांनी मागच्या शिडीला लोंबकळायचं, हे मी अनेक बोटींवर पाहतो.

कुणाला त्रास झालाच, तर आधी मोटर बंद करा आणि सगळ्यांना उघड्यावर, पुढच्या टोकाला आणा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. कोविडपासून तो घरोघरी आहे, पण त्याला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यांत फरक कळत नाही. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असतानाही तो ९८ दाखवू शकतो. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर हाक द्या किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या नंबरवर फोन करा, आणि धक्क्यावर १०८ ची रुग्णवाहिका बोलावून ठेवा. साध्या हवेत रक्तातला हा वायू अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तास-दीड तासात होतं. डॉक्टरांना ‘बोट लागली’ सांगू नका, ‘मोटरचा धूर बंद जागेत होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ते उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

मागच्या मोसमातला वायू मुलीच्या रक्तातून केव्हाच गेला असणार. तरी डोकेदुखी, विसरभोळेपणा किंवा वागण्यात काही फरक वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ही सगळी हकिकत सांगून दाखवा.

राहिला वहिनींना सांगण्याचा प्रश्न. आजच सांगा. तुम्हाला भीती आहे की त्या पुन्हा बोटीवर पाय ठेवणार नाहीत. कदाचित काही दिवस नाही ठेवणार, आणि त्यांना तो हक्क आहे. पण विचार करा : दोन मोसम त्या सांगताहेत की परतताना डोकं दुखतं, आणि ते त्यांच्या नाखुशीच्या खात्यात जमा झालं. बोटीवर हा धोका सगळ्यात आधी त्यांनाच कळला होता. तुमच्या दोन मित्रांनाही सांगा. बोट तिघांची आहे, आणि पुढच्या रविवारी त्यांच्यापैकी कुणीतरी आपल्या मुलांना घेऊन जाईल.

मुलीलाही सांगा की तिला बोट लागत नसावी. नऊ वर्षांच्या मुलाला ‘तुला समुद्र झेपत नाही’ असं दोनदा ऐकायला मिळालं की ते खरं वाटायला लागतं. मूरिंगवरच्या चाचणीत केबिनमधला आकडा शून्याशी राहिला, तर पहिल्या फेरीला तिला पुढे डोलकाठीपाशी बसवा, झाकण घरी ठेवून या, आणि परतताना मीटर तिच्या हातात द्या. दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचायचं काम तिचं. केबिनच्या दारातला, कॉकपिटमधला आणि तिच्या जागेवरचा, तिन्ही वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि ते पान मला पाठवा.